पाठकोऱ्या वह्या

हिलाल महाजनला कागद फेकलेला बघवत नसे. रस्त्यात पडलेला भाकरीचा तुकडा काही माणसं उचलून कडेला ठेवतात, तसा तो कागद उचलायचा. उलटा करून बघायचा. मागची बाजू कोरी निघाली की त्याचा चेहरा खुलायचा. "पाठकोरा आहे," एवढंच म्हणून तो कागद बंडीच्या खिशात घालायचा. सुरतमध्ये येऊन एवढी वर्षं झाली, पण या शब्दाला गुजरातीत काय म्हणतात ते त्यानं कधी कोणाला विचारलं नाही. विचारण्याइतकं त्याचं कोणाशी बोलणंच नव्हतं.

पांडेसऱ्याच्या रंगाई कारखान्यांमागे, खानदेशी वस्तीच्या तोंडाशी, क्षयरोग्यांना औषध पुरवणाऱ्या एका मंडळाचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. हिलाल तिथला शिपाई. झाडणारा तोच, चहा करणारा तोच, टपाल टाकणारा तोच, आणि मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांशेजारी वळकटी टाकून झोपणाराही तोच. वय पन्नाशीच्या आतबाहेर. त्याला कोण कोण आहे, असं कोणी विचारलं तर "गावाकडं आहेत" म्हणायचा आणि केरसुणी हातात घ्यायचा.

गावाकडं बायको होती. सरस्वती. पारोळ्याजवळ तिच्या भावांच्या घरी. हिलाल सुरतेतच उधन्याला लूमवर, कापडाच्या मागावर, होता तेव्हा त्याला खोकल्यातून रक्त पडलं आणि टीबीचं निदान झालं. चाळीत बातमी फुटायला एक दिवस पुरला. चौथ्या दिवशी मेहुणे आले आणि सरस्वतीला आणि लहानग्या मुलीला घेऊन गेले. "बरे झालात की कळवा," म्हणाले. वर्षभर गोळ्या-इंजेक्शनं घेऊन तो खडखडीत बरा झाला. त्यानं कळवलं. तीन पत्रं टाकली. तिसऱ्याला थोरल्या मेहुण्याचं उत्तर आलं. बहीण इथं सुखात आहे, तुम्ही तिकडेच राहा, दोन ओळी. हिलालनं त्या पत्राचा राग केला नाही, हेच मला त्याच्याबद्दल सगळ्यात वाईट वाटतं. राग केला असता तर थोडा मोकळा तरी झाला असता.

उधना सोडून तो पांडेसऱ्याला आला. मंडळाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला बरं केलं होतं, त्यांनीच शिपाई म्हणून ठेवून घेतलं. ते डॉक्टर पुढं वारले. त्यानंतर हिलालला एकेकाळी टीबी झाला होता हे या वस्तीत जाणणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे हिलाल. अकरा वर्षं त्यानं ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

प्लेग येऊन गेल्यानंतरच्या दिवसांत सुरतला सफाईचं वेड लागलं होतं, आरोग्याचं काम करणाऱ्यांना मदतही मिळत होती. त्यातच मंडळाकडं कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर करकर करत छापणारा प्रिंटर. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्याघड्यांचा लांबच लांब कागद त्यातून बाहेर पडायचा. मंडळाचं काम बघणारा गजेंद्र सोनवणे हा तरुण मूळचा आपल्या धुळ्याकडचाच, पण जन्मला सुरतेत, शिकला गुजराती शाळेत. त्याला त्या यंत्राचा भारी सोस. एक काना चुकला की सबंध यादी पुन्हा छापायची. आधी महिन्याला मूठभर कागद लागायचा, आता कचऱ्याचा डबा दिवसाआड भरू लागला. कॉम्प्युटर आला की कागद वाचतो, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. विकणारे काय, काहीही सांगतात.

हिलालनं कोणाला न विचारता त्या डब्याचा ताबा घेतला. छापलेले कागद घडीवर फाडायचे, भोकांच्या पट्ट्या काढून त्यांनी औषधांच्या पुड्या बांधायच्या. कोरी बाजू वर करून वीस-वीस पानं जुळवायची आणि लूमवाल्यांनी टाकलेल्या रंगीत धाग्यानं पाठीला शिवायची. झाली वही. शनिवारी गल्लीतल्या पोरी-पोरांना तो कार्यालयाच्या पायरीवर बसून त्या वह्या वाटायचा. प्रिंटरची रिबन फिकी पडली की दुसऱ्यानं फेकून दिली असती. हिलाल तिचं झाकण उघडायचा, शिक्क्याच्या शाईत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब मिसळून रिबनला पाजायचा आणि बोटानं चाक फिरवत बसायचा. एक रिबन चार-चार वेळा चालायची. गजेंद्र जेवायला उठला की पडद्याचं बटण बंद. कोणी नसताना पंखा बंद. "काका, तुम तो आपडा पर्यावरण मंत्री छो," असं गजेंद्र हिंदी-गुजरातीची भेळ करून म्हणायचा, आणि हिलाल खाली बघून हसायचा. त्याच्याकडं बघून कोणी थट्टेनं का होईना बोलायचं, ते एवढ्या एका गोष्टीवरून.

एकदा बडोद्याहून मदत देणाऱ्या संस्थेच्या बाई तपासणीला आल्या. कचऱ्याचा डबा रिकामा बघून त्यांना मोठं नवल वाटलं. गजेंद्र म्हणाला, "आमच्या मंडळाचं तसं धोरणच आहे." धोरण तेव्हा आत चहा गाळत होतं. मग गजेंद्रनं त्या धोरणावर सहा पानी टिपण लिहिलं आणि ऐसपैस समास सोडून ते एका बाजूनं छापलं.

नावांच्या कागदांचा नियम मात्र कडक होता. रोग्याचं नाव असलेला कागद बाहेर जायचा नाही, फाडून भिजवून त्याचा लगदा करायचा. जुन्या मराठी रजिस्टरांच्या वेळी हिलाल स्वतः वाचून ते बाजूला काढायचा. आता महापालिकेला गुजराती याद्या लागत, म्हणून यंत्रातून सगळं गुजराती निघायचं. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं हिलालला लागत नव्हती. गावी चौथीपर्यंत शिकलेला तो, बसची पाटी आकारावरून ओळखायचा, तेवढंच. सुरतमध्ये इतकी वर्षं काढून गुजराती येत नाही, हे सांगायची लाज वाटायची, म्हणून सांगितलंच नव्हतं. गजेंद्र लगद्याच्या कागदांवर लाल पेन्सिलीनं फुली मारायचा, हिलाल फुली बघायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत गजेंद्रनं वस्तीतल्या रोग्यांची यादी छापायला घेतली. रिबन हिलालची, चौथ्यांदा शाई प्यालेली. अक्षरं इतकी फिकी उमटली की गजेंद्र वैतागला, पानं गोळा करून डब्यात टाकली आणि नवी रिबन चढवून यादी पुन्हा छापली. डब्यातल्या पानांवर फुली मारायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. हिलालनं ती पानं उचलून उजेडात धरली. फुली नाही. अक्षरंही जवळजवळ नाहीत. पाठकोरीच काय, ही तर दोन्हीकडून कोरी, असं म्हणून तो खूश झाला. त्या शनिवारी त्या पानांची वही योगिताला मिळाली.

योगिता नळाजवळच्या निंबा कारागिराची मुलगी. चौथीत, महापालिकेच्या गुजराती शाळेत. डोळे नवेकोरे. वहीच्या पाठीमागं काहीतरी लिहिलेलं आहे हे तिला दिसलं, आणि शाळेत नुकतंच सराईत वाचता यायला लागलेल्या पोरीनं जे करावं तेच तिनं केलं. ओट्यावर बसून, आई ऐकतेय या आनंदात, एकेक नाव धड्यासारखं मोठ्यानं वाचलं. कोणी लांबच्या गल्लीतला, कोणी शेडमधला, आणि तिसऱ्या पानावर अनुसया. अनुसया भिका वाघ, खोली चौदा. वही कुठल्या कार्यालयातून आली हे ठाऊक असलेल्या आईचे हात कणकेत तसेच थांबले.

अनुसयाबाई खानावळ चालवायची. नवरा बारडोलीच्या साखर कारखान्यात होता, तो गेल्यावर ती पांडेसऱ्याला आली आणि एकट्यानं राहणाऱ्या गड्यांना दोन वेळा बाजरीची भाकरी, कळणं, शेवभाजी घालू लागली. नऊ जण जेवायचे आणि दहावा हिलाल. तो सगळ्यांच्या शेवटी यायचा. पंगत उठल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी त्याच्या ताटात टाकता टाकता ती त्याच्याशी दोन शब्द बोलायची. पाऊस, नळाचं पाणी, बाजरीतले खडे, असलेच. दिवसभरात हिलाल जे काही बोलायचा ते बहुतेक तिथंच. तिच्याबद्दल त्याला काय वाटत होतं ते त्याचं त्यालाही नीट ठाऊक नसावं, पण दुपारी बारापासून त्याचं लक्ष घड्याळाकडं असायचं.

अनुसयाबाईला टीबी आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिनं तशी सोयच केली होती. कार्यालयात ती फिरकायची नाही, मंडळाची आरोग्यसेविका वर्षा तिला घरी गोळ्या नेऊन द्यायची, डबा न्यायला आल्यासारखी पिशवी घेऊन. औषध सुरू होऊन तीन महिने झाले होते. आता तिच्यापासून कोणाला काही होणार नव्हतं, हे वर्षाला माहीत होतं. वस्तीला नव्हतं.

पहिल्यांदा नळावर तिची कळशी बाजूला सरकली. मग पंगतीतले दोघे दिसेनासे झाले, मग चौघे. आठवडा उलटायच्या आत नऊच्या नऊ जण कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खानावळीत बसू लागले. हिलालच्या कानावर कुजबुज आली. तो त्या दिवशीही वेळेवर गेला आणि ताट ओढून बसला. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"तुम्हीन ऐकं नही का?" तिनं विचारलं.

"ऐकं," हिलाल म्हणाला. "भाकर वाढा."

शुक्रवारी ती कार्यालयात आली, पहिल्यांदाच. वर्षा टेबलाशी गोळ्या मोजत होती. अनुसयाबाई उंबऱ्यातूनच ओरडली, "मन्हं तुन्हाशिवाय कोनले माहीत व्हतं व? सांग! मन्ही चूल इझाडी तू!" वर्षा रडकुंडीला आली. मी कोणाला काही सांगितलं नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाहेर माणसं जमली. गजेंद्रचाही इलाज नव्हता. त्याच्याखेरीज ही माहिती फक्त वर्षालाच होती हे खरंच होतं. त्यानं तिला सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि सोमवारी काय होणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पोरीनं पिशवी खुंटीवर टांगली आणि ती कोणाकडं न बघता गेली. हिलाल मागच्या खोलीत वह्या शिवत होता. त्याला वर्षाचा राग आला होता. इतकी वर्षं कामात राहून पोरीनं तोंड सांभाळू नये, असंच त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. योगिता पायरीवर आली. वही भरली होती.

"काका, मने पेली नामवाळी आपो ने," ती गुजरातीत म्हणाली, मग त्याला कळावं म्हणून मराठीत वळली. "नावांची वही. तिच्यात आपल्या गल्लीतल्यांची नावं असतात ना, वाचायला मजा येते."

हिलालनं तिच्या हातातली वही घेतली. मागची पानं उलटली. फिकी, रेघ नसलेली अक्षरं. त्यानं तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं काय आहे?" पोरीनं अनुसयाबाईचं नाव वाचून दाखवलं, खोलीच्या नंबरासकट, आणि शाबासकीसाठी वर बघितलं.

त्यानं तिला एक नवी वही दिली, ती सगळी पानं उलटीसुलटी तपासून, आणि जुनी वही घेऊन तो आत जाऊन खोक्यांमध्ये बसला. कोणी सांगितलं नसतं तर कोणाला कळणारही नव्हतं. वही त्याच्या हातात होती, बादलीत पाणी होतं. वर्षा तरुण होती, तिला दुसरीकडं काम मिळालं असतं. त्याला या खोलीशिवाय दुसरी जागा नव्हती. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि मी ते लपवणार नाही, कारण कोणाच्याही मनात आलं असतं. पण उधन्याच्या चाळीत त्याची बातमी कोणी फोडली ते त्याला अजून कळलेलं नव्हतं, आणि त्या न दिसलेल्या माणसाला त्यानं किती शिव्या घातल्या होत्या! आता तो माणूस आपणच.

तो उठला आणि वही गजेंद्रच्या टेबलावर ठेवली.

गजेंद्रनं पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, "काका, ही यादी आहे हे तुम्हाला दिसलं नाही?"

"मला गुजराती वाचता येत नाही."

"एवढी वर्षं इथं राहून?"

गजेंद्रनं कपाळावर हात मारला. फुली मारायला तोही चुकला होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणूनच कदाचित त्यानं आवाज जास्त चढवला. वह्या बंद. रिबनीला शाई पाजणं बंद. सगळा कागद मागच्या अंगणात जाळायचा. नोकरीवरून मात्र त्यानं काढलं नाही. त्याच संध्याकाळी जाऊन वर्षाला परत बोलावून आणलं. वर्षानं सगळं ऐकलं, आणि हिलाल माफी मागायला गेला तर म्हणाली, "काका, जाळू नका. धूर आपल्याच छातीत जाणार. मी रोज अर्धा तास बसते, एकेक पान वाचून देते, मग तुम्ही शिवा." गजेंद्र नाक मुरडून हो म्हणाला. पोरीचं मन मोठं होतं. हिलालला ते सोसवेना.

रविवारी तो अनुसयाबाईकडं गेला आणि ताटावर बसायच्या आधी उभ्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"ती वही कोठे शे?"

"लगदा कया. पानीमा टाकी."

"वहीना लगदा कया," ती म्हणाली. "लोकेसना कानमान्हं कसं काढशात?" मग भाकरी तव्यावर टाकून, "त्या पोरीले मी नही नही ते बोलनू." तिनं हात धुतले, पदर खोचला आणि ती वर्षाच्या घरी गेली. हिलालची भाकरी तव्यावर करपली, त्यानं ती खाल्ली.

आपण मोडलं ते आपण जोडायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आणि जोडायला त्याच्याकडं एकच वस्तू होती, अकरा वर्षं जपलेली. सोमवारी दुपारी तो कोपऱ्यावरच्या खानावळीत गेला. नऊ जण ओळीनं जेवत होते. लोटू पाटील त्यांच्यातला वडीलधारा, त्याच्या शेजारी जाऊन हिलाल बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा दहा माणसांसमोर मोठ्यानं बोलला.

"मले टीबी व्हयेल व्हता. अकरा वरीस व्हई गयात. औषध लिधं, बरा व्हयनू. इतला दिवस तुमनाच खानावळमा जेवनू, एक मटकाना पानी पिनू. तुम्हले काय व्हयनं का? कोनले काय व्हयनं? मंग अनुसयाबाईनी भाकर का बरं सोडतस?"

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्याला वाटलं, पटतंय. लोटूनं मान हलवली, "खरं शे, भाऊ," असंही म्हणाला. आणि ते म्हणता म्हणता डाव्या हातानं आपला पाण्याचा तांब्या हिलालपासून उचलून पलीकडं ठेवला. त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. हिलालला कळलं. त्यानं हा हात या आधी पाहिलेला होता.

तरी तो उठून अनुसयाबाईकडं निघाला तेव्हा त्याच्या मनात थोडी आशा होती. नऊ नाही तर दोघे येतील. एकाचं बघून दुसरा येतो. निदान तिला कळेल की आपण हात बांधून बसलो नाही.

तिला आधीच कळलं होतं. नळावर बातमी त्याच्या पायांपेक्षा जोरात पळाली होती. ती उंबऱ्यात बसली होती, परात पुढ्यात, पीठ अजून मळलेलं नव्हतं.

"कसाले सांगं तुम्हीन?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले सांगाना व्हतं. लोकेसले कसाले?"

"म्हटलं, त्यासले पटी. मी बरा व्हयनू, तशा तुम्हीबी..."

"काल नळवर शोभाबाई मले म्हने, तुन्हाकडे आते कोनी जेवस का? मी सांगं, हिलालभाऊ जेवस. चांगला, धडधाकट मानूस शे, रोज जेवस, त्याले काय व्हयनं? ती गप्प बसनी. परवापासून ती तिन्हा दीरले जेवाले पाठाडनार व्हती." अनुसयाबाईनं परातीतलं पीठ बोटानं सारखं केलं. "आते काय सांगू? म्हनतीन, तो जेवनारच. तोबी तसलाच."

हिलाल उभाच राहिला. तिच्या बाजूनं वस्तीत एकच साक्षीदार होता, आणि तो त्यानं आत्ताच, स्वतःच्या तोंडानं, चांगलं करायला जाऊन बाद केला होता.

"मी येऊ नको का मग?" शेवटी त्यानं विचारलं.

तिनं पिठात पाणी घातलं. "बठा," ती म्हणाली. "भूक तर लागेल शे ना."

तो बसला. तिनं एक भाकरी त्याला केली आणि एक स्वतःला, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं, तीही ताट घेऊन समोर बसली. आता लपवण्यासारखं कोणाचंच काही उरलं नव्हतं. दोघं जेवली. बाहेर नळावर बायका भांडत होत्या, हसत होत्या, आणि दारावरून जाताना मात्र त्यांचा आवाज थोडा खाली यायचा.